सासऱ्यांचा कप

अगं, मागच्या महिन्यात माझ्या हातून दिवंगत सासऱ्यांचा कप फुटला. सासूबाई रोज त्यातच चहा घ्यायच्या. रागावल्या नाहीत, पण माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मग मी इथे लीड्समध्येच एका वर्कशॉपला गेले, जपानी पद्धतीने तुकडे जोडले, सांध्यांवर सोनेरी पूड लावली आणि कप त्यांच्यापुढे ठेवला.

“आई, जपानी लोक तडा लपवत नाहीत. तोही त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग मानतात.”

त्या सोनेरी रेघेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

“मग मीही लपवत नाही,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा खरा कप मी गेल्या वर्षीच फोडला. हा तसाच दिसणारा, जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेला.”

“आणि त्याचे तुकडे?”

“माझ्या कपाटात आहेत. जोडून देशील?”