बेटावर जायचं तर

भाची : आणि ही साइट? हिच्यावरचे फोटो किती सुंदर आहेत.

मावशी : म्हणूनच तिच्या नादी लागू नकोस. तिला मी नटवी म्हणते. खोली असते हातभर आणि फोटोत दिसतो दिवाणखाना. ‘खिडकीतून समुद्र दिसतो’ असं लिहिलंय ना? दिसतो. एका पायावर उभं राहून मान बाहेर काढली तर.

भाची : तुला काय माहीत? तू कुठे गेलीस?

मावशी : जायला कशाला लागतं? चहाडखोर सांगते ना सगळं.

भाची : आता ही कोण?

मावशी : ही बघ. राहून आलेले लोक जिथे लिहितात ती. पण वाचताना तारतम्य ठेवायचं. पाच तारे देणारा नव्या नवरीबरोबर गेलेला असतो, नाहीतर मालकाचा मेहुणा असतो. एक तारा देणारा घरूनच भांडून निघालेला असतो. तीन तारेवाल्यांचं वाच. ती माणसं खरं बोलतात. हा बघ एक : ‘समुद्राचा आवाज फार येतो. मालकाकडे तक्रार केली, उपयोग झाला नाही.’

भाची : अगं बाई! समुद्र बंद करून हवा होता की काय त्याला?

मावशी : हस तू. पण त्यामुळे आपल्याला कळलं ना, की खोली खरंच पाण्याजवळ आहे.

भाची : चौऱ्याहत्तराव्या वर्षी मावशी कॉम्प्युटरवर बसून बेटं फिरते. माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर खोटं वाटेल. त्या म्हणतात, कुठल्या साइट बघायच्या तेच कळत नाही. म्हटलं, थांबा, माझी मावशी बत्तीस वर्षं बोटीच्या तिकीट खिडकीवर होती, तिलाच विचारते.

मावशी : खिडकीवर होते तेव्हा साइट नव्हत्या. लोक मलाच विचारायचे. आता तू लिहून घे. बोटीच्या वेळांसाठी एक साइट बघून भागत नाही, तीन बघायच्या. एक बोटीच्या कंपनीची. दुसरी बंदराच्या कार्यालयाची, ती दिसायला भिकार आहे पण बदल झाला की आधी तिथे चढतो. आणि तिसरी वाऱ्याची आणि भरती-ओहोटीची. तिन्ही जुळल्या तरच वेळ खरी. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघायच्या, आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा.

भाची : इतकं? आम्ही तिघी बायका चार दिवस पाय पसरायला चाललोय गं, स्वारीवर नाही.

मावशी : इतकंच. आणि परतीची बोट शेवटची धरायची नाही. तिच्या आधीची धरायची.

भाची : बरं बाई.

मावशी : नाहीतर असं कर ना, हे दुसरं बेट बघ. इथेही वाळू आहे, झाडं आहेत, राहायची सोय जास्त चांगली. शिवाय पूल आहे. गाडीतून थेट जायचं, गाडीतून यायचं.

भाची : पूल असला तर ते बेट कसलं?

मावशी : मग हे तिसरं? इथे मोठी बोट आहे, बाराही महिने.

भाची : मावशी, सकाळपासून तू मला सहा बेटं दाखवलीस. मी विचारलेलं सोडून सगळी.

मावशी : चहा टाकू का?

भाची : दोनदा झालाय. तुला ठाऊक आहे मला तिथेच का जायचंय. आई गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मी पन्नाशीला आले, अजून ते पाणी पाहिलं नाही. बाबा होते तोवर विषय काढायची सोय नव्हती. आता मला एकदा त्या धक्क्यावर उभं राहायचंय. बस, एवढंच. मैत्रिणींना मी हे सांगितलेलंही नाही.

मावशी : उभं राहून काय होणार आहे?

भाची : माहीत नाही. सरक जरा, कंपनीची साइट मीच उघडते. हे काय, वर आधीच काहीतरी उघडं आहे तुझं. कसली खिडकी ही?

मावशी : ती राहू दे. बंद कर.

भाची : धक्का दिसतोय. थांब... हा आत्ताचा आहे? वर वेळ पळतेय.

मावशी : बंदराच्या लोकांनी कॅमेरा लावलाय, बोट आली की नाही ते बघायला. दर मिनिटाला नवं चित्र येतं.

भाची : हा तोच धक्का?

मावशी : तोच. पूर्वी लाकडी होता.

भाची : तू हे रोज बघतेस?

मावशी : संध्याकाळी. थोडा वेळ.

भाची : किती वर्षं?

मावशी : कॅमेरा आल्यापासून. नऊ-दहा.

भाची : मावशी!

मावशी : काही म्हाताऱ्या मालिका बघतात, मी धक्का बघते. कोणाला काही त्रास आहे का?

भाची : कोण बसलंय हे, खांबाशी?

मावशी : गोणी आहे ती. दोरखंडाची. दुपारी गोणीच असते.

भाची : दुपारी म्हणजे?

मावशी : काही नाही.

भाची : ‘दुपारी गोणीच असते’ म्हणजे काय? मग संध्याकाळी काय असतं?

मावशी : शेवटची बोट सुटली की लोक निघून जातात. धक्का रिकामा होतो. मग पाच वाजता ती असते. पाठमोरी. मांडीवर पिशवी. कधी उठते, कडेपर्यंत जाते, परत येऊन बसते. मला ठाऊक आहे चिमणे, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. काढला. तरी ती आहे. डॉक्टरला काय सांगणार?

भाची : आई?

मावशी : तोंड कधी दिसत नाही. पण अंबाडा तिच्यासारखाच, मानेवर उतरलेला. म्हणून म्हणते, तू जाऊ नकोस. तुझी मानही तशीच आहे. तू तिथे जाऊन उभी राहिलीस तर मला दोघी वेगळ्या ओळखता येणार नाहीत.

भाची : अगं, गोणी आहे ती. तूच म्हणालीस.

मावशी : हो. गोणीच आहे.

भाची : इकडे ये. हात किती गार पडलाय तुझा. तू एकटीनं हे बघत बसतेस आणि मला सांगतेस तब्येत ठणठणीत आहे. तिची बोट चुकली. वाईट झालं. पण बोटी चुकतात, मावशी.

मावशी : चुकली नाही. मी चुकवली.

भाची : म्हणजे?

मावशी : ती निघाली तेव्हा मी तिला वेळा लिहून दिल्या होत्या. खिडकीवर लोकांना द्यायचे तशीच चिठ्ठी. शेवटची बोट सव्वापाच. पण त्या महिन्याच्या सोळा तारखेला वेळा बदलल्या होत्या, वाऱ्याचे दिवस सुरू झाले म्हणून. शेवटची साडेचारला. नवं वेळापत्रक माझ्याच खणात होतं. मी खण उघडलाच नाही. मला सगळं पाठ होतं ना! साऱ्या खिडकीत माझी मिजास. बाकीच्या पोरी तक्ता बघायच्या, मी तोंडानं सांगायचे, आणि लोक वाहवा करायचे. पाठ होतं ते जुनं.

भाची : आणि ती पाचला धक्क्यावर आली.

मावशी : निवांत आली. चिठ्ठीत सव्वापाच होते. तिचं सामान नंतर परत आलं, त्यात ती चिठ्ठी होती. आरशाला खोचून ठेवली होती म्हणे तिनं. तुझे बाबा पेटी उघडायच्या आत मी ती काढली आणि गॅसवर धरली.

भाची : पंचेचाळीस वर्षं हे मनात ठेवलंस?

मावशी : कुठे ठेवणार दुसरीकडे?

भाची : वेडी आहेस. वेळ लिहिताना कोणाचीही चूक होते. आणि खरं सांगू? त्यानं काही बिघडलं नव्हतं. बोट चुकली तर माणूस परत खोलीवर जातं, सकाळच्या बोटीनं येतं. तीही गेली असती. वाऱ्यात छोट्या होडीत बसली ती चिठ्ठीमुळे नाही. माझ्यामुळे.

मावशी : तुझ्यामुळे? तू पाच वर्षांची होतीस.

भाची : मी तापात हाका मारत होते ना. होडी उलटली, तो होडीवाला वाचला, त्यानं बाबांना सांगितलं होतं. तो नको म्हणत होता, पण आई म्हणाली, माझी लेक मला हाका मारतेय, मला आजच पोचायचंय.

मावशी : तुला हे कोणी सांगितलं?

भाची : आत्यानं. सात-आठ वर्षांची असेन. बाबांनी तिला सांगितलं होतं. ती काही दुष्टपणानं म्हणाली नाही गं, जवळ घेऊन म्हणाली. ‘तुझ्या हाकेला धावली बघ तुझी आई.’ त्या दिवसापासून मी कोणाला हाक मारत नाही.

मावशी : म्हणजे काय, मारत नाहीस?

भाची : नाही मारत. तुझ्या लक्षात आलं नाही कधी? माझ्या घरात सगळे मला म्हणतात, मांजरासारखी येऊन बाजूला उभी राहतेस. मुलाच्या वेळी कळा सुरू झाल्या, हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी न्हाणीघरात दार लावून बसून राहिले. आवाज फुटेना. शेजारीण वाटी परत द्यायला आली म्हणून बरं. डॉक्टर चिडले, अजून अर्धा तास गेला असता तर मूल हाती लागलं नसतं म्हणाले. यांना अजून वाटतं, मी लाजले.

(मावशी उठते, खिडकीपाशी जाते, परत येऊन तिच्या समोर बसते.)

मावशी : तू त्या धक्क्यावर कशाला चालली होतीस?

भाची : माफी मागायला. हसू नकोस.

मावशी : मी हसत नाहीये. चिमणे, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला परत जमणार नाही. तू हाका मारल्या नव्हत्यास.

भाची : मारल्या होत्या गं. मला आठवतं. माझा आवाजसुद्धा आठवतो.

मावशी : ऐकून ऐकून आठवतो. आत्याला सांगितलं बाबांनी, बाबांना होडीवाल्यानं, होडीवाल्याला तुझ्या आईनं. आणि तुझ्या आईला मी. माझ्यामागे कोणी नाही. ते तिथूनच सुरू झालं.

भाची : तू?

मावशी : ती तीन दिवसांसाठी गेली होती. खोकल्यानं खंगली होती, डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितली. बाबा फिरतीवर, म्हणून तू माझ्याकडे. तिचे तीनाचे आठ दिवस झाले. त्यात तुला ताप आला. दोन रात्री मी जागी. कामावर खाडा. कामावरच्या सगळ्या पोरी मिळून सहलीला निघाल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही जाणार होते. ते राहिलं. मी जिन्याखालच्या फोनवरून तिला फोन लावला. फक्त विचारायला, की कधी येतेस. आणि ती हसत होती.

भाची : हसत होती?

मावशी : मला नाही, तिथे कोणाशी तरी बोलता बोलता हसत हसत फोनवर आली. मागे रेडिओ लागला होता. किती वर्षांनी तिचा तसा आवाज ऐकला. आनंद व्हायला हवा होता मला. पण माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, इथे मी मरतेय आणि बाईसाहेबांना रेडिओ. ती म्हणाली, रविवारी येते. आणि मी म्हणाले, रविवारी कशाला, सावकाश ये. पोरगी तापात फणफणलीय, सारखी तुला हाका मारतेय, एवढंच सांगायला फोन केला.

भाची : मग?

मावशी : मग रेडिओ ऐकू येईना. कोणीतरी बंद केला असेल. ती म्हणाली, मी आज निघते.

भाची : आणि चिठ्ठी?

मावशी : चिठ्ठी खरी आहे. सव्वापाच लिहिलेलं खरं आहे. पण इतकी वर्षं मी चिठ्ठीच उगाळत बसले, कारण ती चूक तरी होती. आज तुलाही तेवढंच सांगणार होते. तू माफ केलंस, आणि मला बरंही वाटलं. मग तू न्हाणीघरातलं सांगितलंस.

भाची : बाबांना माहीत होतं?

मावशी : नाही. ते म्हणायचे, निदान पोरीचा आवाज तरी तिला ऐकू गेला. मी मान हलवायचे.

भाची : मावशी, मला तुझा राग येतोय. खूप येतोय. घरी गेल्यावर आणखी येईल.

मावशी : येऊ दे.

भाची : तरी मी जाणार आहे तिथे.

मावशी : जा. तिकीट मी काढून देते, नाही म्हणू नकोस.

भाची : माझं मी काढेन. तू फक्त एक सांग. खरं सांग. तू तिला ते सांगत होतीस, तेव्हा मी काय करत होते?

मावशी : झोपली होतीस. ताप दुपारीच उतरला होता. फोन ठेवून आत आले तर पांघरूण लाथाडलेलं, उशी खाली, आणि तू आडवी पसरलेलीस. बारीक घोरत होतीस. मी डोकं उचलून खाली उशी सरकवली, तरी तुला जाग आली नाही.