पाचवीची चिठ्ठी

छबूबाई : वाच म्हणते ना. चहा ऱ्हाऊ दे, पानी ऱ्हाऊ दे. आदी ती चिठ्ठी वाच.

स्वरूपा : मावशी, टेका तरी जरा. माझ्या प्रगतीला न्हाऊ घालून गेलात त्याला अकरा वर्षं झाली, पुन्हा या दारात पाऊल नाही टाकलं. रस्त्यात दिसलात तरी वाट बदलता. आणि आज पहिल्या एसटीनं येऊन... ही हळद कसली लागलीय हिला?

छबूबाई : पाचवीची. काल पाचवी पुजली. सटवाईनं नशीब लिवावं म्हनून पाटावर कोरा कागद ठिवत्यात न्हवं? तितं आक्कानी ही ठिवली. म्हनली, डाक्टरनं लिवलेलं खोडायचं तर आता देवीच खोडंल.

स्वरूपा : कोण आक्का?

छबूबाई : बाळाची आज्जी. नाव इचारू नगं. मला वाचाय येत न्हाय, तुला येतं. वाच.

स्वरूपा : इंग्रजीत आहे. थांबा... मुलगी. वजन अडीच किलो. पाठीवर... मावशी.

छबूबाई : व्हय.

स्वरूपा : हे पाठीवर गाठ असलेलं बाळ आहे. माझ्या प्रगतीसारखं.

प्रगती : (आतल्या खोलीतून) आई, माझं नाव कोण घेतंय?

स्वरूपा : कुणी नाही. तू वेणी घाल. पावणेनऊ झाले, रिक्षा येईल. मावशी, हे बघा, इथं दोनदा रेघ मारलीय डॉक्टरांनी. जन्मल्या दिवशीच पुण्याला न्यायला सांगितलंय, तातडीनं. गाठीवर ओलं स्वच्छ फडकं ठेवा, बाळाला पालथं ठेवा, पाठीवर निजवू नका. आणि खाली बापाची सही. आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत म्हणून. पाच दिवस झाले की हो याला.

छबूबाई : आज सावा.

स्वरूपा : बाळ कसं आहे? दूध ओढतंय?

छबूबाई : वढतंय. पन काल आंगुळीच्या येळंला फडकं वलं लागलं. मुतलं न्हवतं. पाठीतनं गळत हुतं, नितळ पान्यावानी. मी पाचवीचं जेवान जेवले न्हाय. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. फाटं पाटावरची चिठ्ठी घेतली, घरनं लुगडं आनते म्हनून सांगितलं आन येष्टी धरली.

स्वरूपा : तुम्ही चोळलंत का त्या जागी? खरं सांगा.

छबूबाई : न्हाय. तवापासनं असल्या पाठीला हात लावला न्हाय मी.

स्वरूपा : कधीपासून?

छबूबाई : तू चिठ्ठीचं बोल. काय करायचं म्हनून लिवलंय?

स्वरूपा : लिहिलंय ते सांगितलं. गळायला लागलं म्हणजे आता जंतू आत जाणार, ताप मेंदूपर्यंत चढणार. आज न्यायला पाहिजे. संध्याकाळी नाही, आता. घर कुठलं? गावाचं नाव सांगा, मी एकशे आठला फोन लावते.

छबूबाई : गाडी दारात हुबी ऱ्हायली तर आक्का पोर घिऊन आत कडी लावंल. नंदंची सुपारी फुटलीया त्या घरात. सोयऱ्यांच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाय, सव्वा म्हयना पोर उंबऱ्याभायेर काढायचं न्हाय, असं चाललंय त्यांचं.

स्वरूपा : मग मला का वाचायला दिलीत? वाचून घडी घालून परत देऊ का?

छबूबाई : चिडू नगं. चाळीस वर्सं मी पोरं न्हाऊ घालते. ह्या घरातलं त्या घरात न्यायाचं न्हाय, ह्याच्यावर माझी भाकरी चालली. बाळंतिनीच्या खोलीत मी सोडून कुनाला घेत्यात का? आईनं बघायच्या आदी बाळाची पाठ मी बघितलेली आसती. अशा पाच पाठी बघितल्या. एक कऱ्हाटीला, एक पिंपळीला...

स्वरूपा : कऱ्हाटीला?

छबूबाई : पोरगा हाय. सोळा-सतरा वर्साचा आसंल. मागच्या खोलीत आसतोय. त्येच्या आईला वाटतंय, जगात तिचंच नशीब फुटलं.

स्वरूपा : मावशी, कऱ्हाटी इथून किती हो? तासाभराचीसुद्धा वाट नाही. मी अकरा वर्षं पुण्या-सोलापूरच्या बायांशी फोनवर बोलून दिवस काढतेय. नळी कुठली आणायची, अपंगाचं कार्ड कसं काढायचं, शाळा नाही म्हणाली तर काय करायचं, सगळं त्यांना विचारून विचारून. वाटायचं, आपल्या भागात एखादी तरी असती तर तिच्यापाशी जाऊन रडले असते. आणि तुमच्या पोटात पाच घरं होती?

छबूबाई : त्यांनी देवाची आन घातलेली.

स्वरूपा : माझ्या बाबतीत तर नव्हती घातली ना कुणी? मी तर सगळ्यांना सांगत फिरतेय, माझी मुलगी अशी आहे म्हणून. तुम्ही एकदा नुसतं येऊन म्हणायचं होतं, बाई, तू एकटी नाहीस. नाव नसतं सांगितलं तरी चाललं असतं मला.

प्रगती : आई, भांडतेयस का?

स्वरूपा : नाही. दप्तरात नळीचा डबा टाकला का?

प्रगती : टाकला. साबण पण. आरसा पण.

स्वरूपा : साडेअकराला येते मी शाळेत. मावशी, आता नीट सांगा. त्या आक्का का नेत नाहीत? सोयरीक मोडेल एवढंच?

छबूबाई : न्हाय.

स्वरूपा : मग?

छबूबाई : त्या म्हनत्यात, आपरेशन केलं की पोराचं पाय जात्यात.

स्वरूपा : कुणी सांगितलं त्यांना?

छबूबाई : म्हनत्यात, माळेगावच्या स्वरूपाच्या पोरीचं बघा. चांगली पाय झाडत हुती, पुन्याला नेऊन पाठ फाडली आन पांगळी करून आनली.

स्वरूपा : काय?

छबूबाई : तुझ्याच पोरीचं उदारन देत्यात.

स्वरूपा : असं कोण बोललं? त्यांना कुठून कळलं माझं? चिठ्ठी इंदापूरच्या दवाखान्याची आहे, त्या भागात मी कुणाला ओळखतसुद्धा नाही. प्रगतीनं कधी पाय झाडलेच नाहीत. जन्मली तेव्हाही नाही. सगळ्यात आधी तुम्हीच पाहिलंय ते. असलं कुणी पसरवलं, मावशी?

छबूबाई : मी.

स्वरूपा : तुम्ही?

छबूबाई : तूच इचारलंस. मी सांगितलं. तुझी पोर दवाखान्यात तापानं फनफनली, तुझी सासू दारात यिऊन म्हनली, छबे, तू चोळलीस गाठ, तू शेकलीस, तुझ्यामुळं फुटली. आख्ख्या आळीनं आयकलं. दुसऱ्या दिशी दोन घरांनी आंगुळीला नगं म्हनून निरोप धाडला. मग मी म्हनाया लागले, माझा हात न्हाय, डाक्टरची सुरी. आपरेशननी पाय गेलं. एका घरात म्हनलं, दुसऱ्या घरात म्हनलं. कुनाचं काय न्हेलं न्हाय ह्या दारातनं त्या दारात, पन येवढं न्हेलं. काल आक्कानी माझंच बोलनं माझ्या म्होरं टाकलं. मी म्हनलं, आक्का, तसं नसतंय. तर म्हनली, छबे, तूच तर सांगितलं हुतंस, माझ्या जावंच्या सुनंच्या बाळंतपनात.

स्वरूपा : तुम्ही आत्ता माझ्या समोरून उठा.

छबूबाई : उटते. पन आदी येक सांग. अकरा वर्सं गिळून ऱ्हायले म्या. तिचं पाय माझ्या हातानं गेलं का?

स्वरूपा : आत्ता विचारताय?

छबूबाई : आत्ताच. म्हातारी झाले, आनिक कवा इचारू?

स्वरूपा : खोटं सांगून तुम्हाला बरं वाटू देणार नाही मी. गाठ फुटली ती चोळल्यानं, शेकल्यानं. एकवीस दिवस ताप होता तिला, तो तुमच्या हातानं आला. आज वाचते का उद्या, असे एकवीस दिवस काढलेत मी. पण पाय नाही. ते पहिल्या महिन्यातच ठरलेलं असतं, मी पोटुशी आहे हे मलाही कळलं नव्हतं तेव्हा. पाठीचा कणा तिथं मिटलाच नाही. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलंय. तुम्ही एकदा आला असतात तर तुम्हालाही दाखवलं असतं.

छबूबाई : पाय न्हाय.

स्वरूपा : पाय नाही. आणि ऑपरेशन केलं म्हणून ती आज आत बसून आपलं बोलणं ऐकतेय.

प्रगती : ऐकतेच आहे. येऊ का बाहेर?

स्वरूपा : आलीसच की चाक ढकलत.

प्रगती : ह्याच का छबूआजी? आजी, माझे पाय आधीपासून असेच आहेत. आमच्या वर्गात सगळ्यांना माहिती आहे, मी फळ्यावर मणके काढून दाखवलेत. त्या बाळाच्या घरी नाही का कुणी फळा घेऊन जात?

छबूबाई : किती मोठी झालीस ग तू.

प्रगती : सहावीत आहे. आई, तू जा ना त्यांच्याबरोबर.

स्वरूपा : मला कोण आत घेईल? बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस? आणि या छबूमावशी मला घर सांगेनात.

छबूबाई : कौसल्याआक्काचं घर. इंदापूरच्या अलीकडं, कालव्याकडंची वस्ती. माझ्या म्हायेरची भावकी हाय. बाळाच्या आईचं नाव मोना, बाप ऋषिराज. बाप वाईट न्हाय, आईम्होरं त्वांड उगडत न्हाय येवढंच. घे, सांगितलं.

स्वरूपा : आत कशी जाऊ?

छबूबाई : पानी वताया. न्हाऊ घालनारीला हाताखाली येक बाई लागतीच. माझी कंबार धरलीया म्हनून हिला आनली, म्हनंन. मोनाशी तू बोल. आक्काशी मी बोलते. माझ्या तोंडानं गेलंय ते, माझ्याच तोंडानं परत आनलं पायजे. आळीम्होरं बोलाय लागलं तरी बोलंन.

स्वरूपा : अंघोळ नाही घालायची आज त्या बाळाला.

छबूबाई : ते कळलं मला. घंगाळ नुसतं म्होरं ठिवायचं. नऊ वाजलं, उट.

स्वरूपा : थांबा. फोनवर बोलते त्या पुण्याच्या ताईंना मेसेज टाकते, त्या वॉर्डातल्या सिस्टरांशी बोलून ठेवतील. आपल्या बाळांचं तिथं त्यांना सगळं ठाऊक असतं. स्कूटीवर सव्वा तास धरा. तिथं तासभर. म्हणजे साडेअकरा... नाही. नाही जमत, मावशी. साडेअकराला मला शाळेत पाहिजे.

छबूबाई : शाळंत काय?

स्वरूपा : हिला दर चार तासांनी लघवीची नळी लावावी लागते. चुकलं तर किडनीवर जातं. अकरा वर्षांत बारामतीपलीकडं एकटी गेले नाही मी. हिचे पप्पा कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेत.

प्रगती : मी घेईन की.

स्वरूपा : तू गप.

प्रगती : सिस्टरनी शिकवलंय मला. दिवाळीच्या सुट्टीत चौदा वेळा माझी मीच घेतलीय. तू फक्त दाराशी उभी होतीस.

स्वरूपा : घरात घेतलीस. शाळेतल्या मोरीत नाही.

प्रगती : मोरी तीच आहे ना, जिथं तू घालतेस? सुप्रियाबाई दाराबाहेर थांबतील, त्या मागंच म्हणाल्यात. हात दोनदा धुवायचे, नळी कुठं टेकवायची नाही, घाई करायची नाही. विचार अजून काय विचारायचंय ते.

स्वरूपा : आणि काही झालं म्हणजे?

प्रगती : आई, त्या बाळाच्या पाठीतून पाणी गळतंय.

छबूबाई : रिक्षाचा हारन वाजला.

स्वरूपा : झाल्यावर मला फोन करायचा. बाईंच्या फोनवरून. लगेच.

प्रगती : करते. हेल्मेट घाल. आणि आजींना घट्ट धर म्हणावं, तू गाडी जोरात हाणतेस.

(साडेअकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. कालव्याकाठच्या वस्तीवर स्वरूपाचा फोन वाजतो.)

स्वरूपा : प्रगती? किती उशीर ग. वीस मिनिटं फोन हातात धरून उभी आहे मी.

प्रगती : घाई करायची नाही म्हणून तूच सांगतेस. झालं.

स्वरूपा : नीट झालं? दुखलं नाही? रक्तबिक्त?

प्रगती : झालं म्हणजे झालं, आई. डबा धुऊन ठेवला. बाळाचं सांग.

स्वरूपा : निघालो आम्ही पुण्याला. गाडी आलीय दारात, बाळाच्या बापानंच बोलावली. तुझ्या छबूआजी चार माणसांत उभ्या राहून बोलल्या. म्हणाल्या, ती गाठ मी फोडली होती आणि नाव डाक्टरचं घेतलं. कौसल्याआक्का आत जाऊन बाळाची दुपटी घेऊन आल्या.

प्रगती : मग आता तू परत येणार?

स्वरूपा : मोना हात सोडत नाहीये माझा. आजपर्यंत बिचारीला कुणी धड सांगितलंच नव्हतं काय झालंय ते. म्हणते, तुमची मुलगी शाळेत जाते? तीनदा विचारलं तिनं. मी पुण्यापर्यंत जाऊ का ग?

प्रगती : साडेतीनची पण मीच घेते. पप्पा येतील तोवर. तिला माझा फळ्यावरचा फोटो दाखव.

स्वरूपा : दाखवला. ठेवते आता, गाडी सुरू झाली. मावशी, अहो, तुम्ही तिथं लांब काय उभ्या राहिलात?

छबूबाई : जा तुमी. माझं काम झालं.

स्वरूपा : कसं झालं? अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. बाळाला पालथंच धरायला पाहिजे, मोनाला अजून धड बसवत नाही आणि मला तिला सावरायचंय. चाळीस वर्षं पोरांना नडग्यांवर पालथी निजवलीत तुम्ही. तुमच्याइतकं कुणाला जमणार आहे?

छबूबाई : माझ्याकडं देतीस? मला?

स्वरूपा : हात धुतलेत ना?

छबूबाई : दोनदा. तुझ्या पोरीनं सांगितलं तसं.

स्वरूपा : मग चढा. मागं पाय पसरून बसा. पुण्यापर्यंत तिच्या पाठीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

छबूबाई : आन हिकडं. माझासुदिक लागू देनार न्हाय.