तोंडात धरून नेलेला घोट

…आणि वर मलाच विचारतात, नाथाजी, तू बोलला का नाहीस? अहो, बोलणार कशानं? तोंडात व्हिस्की होती की. प्यालो असतो तर बडबडलो तरी असतो, पण ती प्यायची नव्हती, न्यायची होती, आणि न्यायला दुसरं भांडंच ठेवलं नाही त्यांनी, म्हणून मी आपला गप्प.

असं मधूनच सांगून नाही कळायचं तुम्हाला. तर झालं काय, सरकारनं आम्हाला सहल दिली. लढाईत ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना एक दिवसाची फुकट सहल, सांगलीहून लॉरीतून, आधी वाटेवरचा दारूचा कारखाना आणि मग साताऱ्याचा पडका किल्ला. माणूस घेतला आणि सहल दिली, हा कुठला व्यवहार म्हणायचा? आमचा दादा, लालासाहेब, इटलीत गेला. तिकडंच पुरला म्हणे. घरी आली ती नुसती तार. कृष्णेच्या काठावर आम्ही दहावा घातला, भाताचा पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसलेत काळेकुट्ट, ढिम्म हलत नाहीत. चुलता म्हणाला बैल विकणार नाही, मामा म्हणाला वैनीला अंतर देणार नाही, आई म्हणाली लेकरा काय राहिलं तुझं… कावळे आपले मान फिरवून. ऊन डोक्यावर आलं, भटजींना दुसरीकडं जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि म्हणाले, झालं. त्यांचं झालं असेल, आईचं नाही झालं. "गवताच्या कावळ्यावर वाटंला लावलं माझ्या लेकाला," म्हणाली, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली धड घास उतरत नाही.

आता मला माहीत होतं हो, दादाचं काय राहिलंय ते. शेवटच्या रजेत उसाच्या बांधावर बसून सांगत होता, "नाथा, आमास्नी रम, सायबास्नी व्हिस्की. लढाय एकच रं, गोळी एकच, आन् बाटल्या दोन. मरायच्या आत एकदा त्यांची चाखून बघणार." हे भटजींपुढं, आईपुढं, सोयऱ्याधायऱ्यांत कोणत्या तोंडानं सांगायचं? दहाव्यालाही मी आपला गप्प.

म्हणून तर गेलो सहलीला. नाहीतर ह्यांच्या लॉरीला हात लावला नसता मी. कमरेला लहानसा गडू बांधला, आईनं दिलेली दहीभाताची पुरचुंडी घेतली, आणि बसलो. दाखवायला आले होते सुभेदार हंबीरराव, पेन्शनीत निघालेले, पण मिशा अजून नोकरीत. बोटींनी विलायती माल येईना म्हणून साहेबांच्या कँटीनला इथूनच व्हिस्की जाते, असं ते छाती काढून सांगायचे, जणू ह्यांच्याच घरची. हे पिंप बघा, हे दुसरं पिंप बघा, ह्यात आंबतंय, त्यात उकळतंय, तिकडं वाफ गार होतेय… आमच्या ओढ्याकडंला रात्री जे चालतं तेच की हे, फक्त इथं पोलीस पहाऱ्याला आणि तिथं पोलीस मागावर. शेवटी ज्याला हवा त्याला एकेक घोट चाखायला दिला. मी गडू पुढं केला, तर पहारेकऱ्यानं तो हिसकावलाच.

"पोटात घालून नेशील तेवढं ने. भांड्यात थेंब बी भाईर जायाचा न्हाई. कायदा हाय."

असं काय? बरं. पोटातून चालतं, मग तोंडातून का नाही चालणार? घेतला घोट, मिटले ओठ, आणि चाललो फाटकातून. पहारेकरी नाव विचारतोय, मी गप्प. सुभेदारच म्हणाले, जाऊ दे रे, भावाच्या दुःखानं वाचा बसलीय त्याची. घ्या. लॉरीभर बातमी. शेजारी धोंडुबाई, तिचाही लेक तिकडंच गेलेला, ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड लेकरा, बोल कायतरी, आत कोंडू नगंस." अहो, आत कोंडलंय म्हणून तर सगळा खटाटोप. वर लॉरीचे धक्के, हिरड्यांना आग, डोळ्यांतून धारा. तिला वाटलं रडतोय. रडतही होतो म्हणा.

आणि मग तो किल्ला. तुम्ही चढलायत कधी अजिंक्यतारा, नुसत्या नाकानं श्वास घेत? वर सुभेदार पडक्या भिंतींत उभे राहून राजवाडा दाखवतायत, कोठार दाखवतायत, मला दगडच दिसतायत, आणि एकदम म्हणाले, म्हणा सगळे, सरकारचा विजय असो. सगळे म्हणाले. मी गप्प. सुभेदार जवळ आले.

"तोंड उघड. तुझा भाऊ मेला सरकारसाठी, आन् तुला विजय म्हणवत न्हाई?"

तुम्हाला सांगतो, तोंड रिकामं असतं तरी नसतं म्हटलं मी. बघत राहिलो त्यांच्या डोळ्यांत. त्यांनीच नजर वळवली.

मी सरळ भिंतीमागं गेलो, दगडावर दहीभात मांडला, आणि तोंड रिकामं केलं त्याच्यावर. मागून धोंडुबाई.

"आरं, उष्टं हाय की ते. उष्ट्याचा निवद दावत्यात व्हय?"

"दादानं माझं उष्टं कवा टाकलंय, मावशे?" दिवसभरातलं माझं पहिलं बोलणं ते. एका ताटात जेवलो आम्ही, माझ्या तोंडातला उसाचा करवा काढून खायचा तो.

आणि कावळा आला. भिंतीवर बसला, तिथून दगडावर उतरला, चोच घातली, मान झटकली, आणि पुन्हा घातली. धोंडुबाईनं हात जोडले.

आता गाव म्हणतं, नाथाजीनं सरकारपुढं तोंड उघडलं नाही, आणि सुभेदारांनी वर्दी दिली म्हणून आलेला फौजदार म्हणतो, का उघडलं नाहीस ते सांग. मी दोघांनाही उत्तर देत नाही. आई मात्र, धोंडुबाईकडनं कावळ्याचं आणि व्हिस्कीचं ऐकून, त्या रात्री पोटभर जेवली. हात धुता धुता हळूच म्हणाली, "नाथा, कशी रं लागली आसंल त्याला?"

आता धक्क्यांनी थोडी घशाखाली गेलीच होती माझ्या. काय सांगू तुम्हाला… रॉकेलात भिजवलेलं लाकूड. ओढ्याकडंची आपली शंभरदा बरी. ह्याच्यासाठी दादा जन्मभर झुरला, आणि हे पिऊन ह्या साहेबांनी लढाई केली. पण आईला हे कसं सांगणार?

मी आपला गप्प.