शाळेच्या भिंतीलगतचा फोन

—न्हाई, अजून न्हाई वाजला, बसा तुमी. मुंबईवाल्यानं ‘करतो’ म्हनलंय ना, मग करील. फक्त जरा हळू बोला, पलीकडं शाळा हाय. व्हय, हीच भिंत — हिच्यामागं आठवीचा वर्ग. आदी मी काय करायची, माझ्या ह्या बूथवर फोन आला की स्टुलावर चढून वरडायची, ‘सुकन्या, तुझ्या आईचा फोन!’ निम्म्या गावाचे आईबाप ऊसतोडीला जात्यात, पोरं इथं आजीपाशी. तिकडं कारखान्यावर फोन दिसला की आयांना पोरं आठवत्यात — शाळा भरलीय का सुटलीय, त्यांना काय! अन् मी सुकन्या म्हनलं की सगळा वर्ग उभा. गणिताच्या तासाला तर ज्यांच्या आया घरीच म्हशीचं शेण काढत असायच्या, त्यांचे बी फोन यायला लागले.

मग आबासाहेब आले — हेडमास्तर. म्हनले, “मालनबाई, तुमचा फोन माझ्या वर्गात येऊन बसलाय, त्याला तेवढा बाहेर काढा.” पटलं मला. ठरलं असं, की तासाला हाक मारायची न्हाई. निरोप मी ऐकायचा अन् मधल्या सुट्टीत फाटकापाशी द्यायचा. आता निरोप जसाच्या तसा नको का द्यायला? आई रडत बोलली, तर मी बी रडायची. कल्याण नावाच्या पोराचा बाप म्हनला, त्याचा कान पिळा. पिळला — तर तो दुसराच कल्याण निघाला. लिमलेटच्या गोळ्या देऊन समजूत काढली त्याची.

पर गेल्या साली सुकन्याची आई तिकडं उसाच्या फडातच बाळंतपनाला अडली. दवाखान्यात नेली, एवढाच निरोप. पोरगी जेवंना. दुसऱ्या दिवशी भर परीक्षेत बापाचा फोन — दोघी सुखरूप! मला कुठली मधली सुट्टी सुचतीय? तशीच अनवाणी वर्गात. दारात आबासाहेब. म्हनले, “वर्गात फोन आनायचा न्हाई, ठरलंय आपलं.” मी म्हनलं, “फोन तिकडंच हाय सर. ही मी हाय.” तेनी बघितलं माझ्याकडं अन् सरले बाजूला. सुकन्याला म्हनलं, “आई बरी हाय, बहीन झाली तुला.” गळ्यातच पडली पोर. आबासाहेब चष्मा पुसत बसले, अन् तेवढ्यात मागच्या बाकांनी सगळी गणितं उतरून घेतली. परीक्षा परत घ्यावी लागली. ती पोरं अजून माझ्याशी बोलत न्हाईत.

माझं कोन? हाय की, पोरगा, पंकज — भोसरीला, कंपनीत. त्याच्या हापिसात बी फोन हाय. न्हाई करत. कामात असतो. मी काय वाट बघत न्हाई हां — रविवारी बूथ उघडा ठेवते ते गिऱ्हाईकासाठी. रविवारी गिऱ्हाईक येत न्हाई, ती गोष्ट वेगळी. सुट्टीच्या दिवशी त्याला...

थांबा, वाजला. हॅलो? हॅलो, कोन? ...बरं. व्हय, हायत इथंच.

घ्या, तुमचाच हाय. अन् आवरतं घ्या जरा, लाईन मोकळी लागती मला.