दोघी गेल्या कशाला?

तुम्ही क्लासचं कौतुक सांगताय, मला काळ-कामाचं गणित माझ्या मैत्रिणीच्या, मंगलच्या आईने शिकवलं. एमबीएच्या सीईटीला चार दिवस उरले होते. इंग्रजी व्याकरण घोकून झालं होतं, गणितासाठी मी डहाणूहून मंगलच्या घरी तलासरीला गेले होते. मी मोठ्याने वाचलं, “दहा बाया भाताची लावणी सहा दिवसांत करतात. दोन दिवसांनी दोघी निघून गेल्या. उरलेलं काम किती दिवसांत होईल?”

मी ‘क्ष’ मांडतेय तोवर नागली पाखडता पाखडता मावशी म्हणाली, “पाच.”

“कसं काय?”

“चार दिवसांचं काम राहिलं. त्या दोघींचे मिळून आठ दिवस, ते आठ जणींनी एकेक वाटून घ्यायचे. झाले ना पाच?”

मी मागे उत्तर पाहिलं. पाचच!

मावशीला मात्र चैन पडेना. “पण दोघी गेल्या कशाला? आमच्याकडं आज तिच्या शेतात, उद्या माझ्या. अर्ध्यावर कुणी सोडत नाही. आजारी होत्या काय?”

परीक्षेत तसंच गणित आलं, भिंत बांधताना तीन गवंडी निघून गेलेले. मावशीच्या रीतीने उत्तर अर्ध्या मिनिटात काढलं. मग तीन मिनिटं नुसती बसून राहिले. आजारी होते काय ते?