वळणावरचं ताक

माझं माहेर नेसरीकडं. बाप पैलवान, त्यामुळं अक्षरं कळायच्या आधी मला तालमीची माती कळली. लाल माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची, मग ती मऊ होती, पडलेल्याला लागू देत न्हाय, असं बाप सांगायचा. एवढंच माझं शिक्षण, पण कोल्हापुरात नांदायला आले ते काय तोऱ्यात! वाटायचं, आपल्याइतकं शहाणं इथं कोणच न्हाय.

आमचं मालक उद्यमनगरात फिटर, आणि रविवारी मोटरसायकलीच्या शर्यतीत. गावाबाहेर मातीचा गोल ट्रॅक होता. आता तिथं इमारती झाल्यात, पण तेव्हा काय सांगू तुम्हाला, लोकं बाभळीवर चढून बघायची, भोंगा बोंबलायचा, जळक्या तेलाचा वास माझ्या लुगड्याला सोमवारपर्यंत यायचा, आणि वळणावर गाडी आडवी घालून डावा पाय घासत गडी जायचे, त्या पायात लोखंडी तळाचा बूट, ह्यांचा तर ह्यांनीच ठोकून केलेला. मी तिथंच रोजंदारीला, धूळ बसावी म्हणून पाणी मारायला.

एकदा मोठी शर्यत ठरली. जिंकणाऱ्याला बाहेरगावी खेळायला पाठवणार होते. ह्यांना झोप न्हाय, मला घोर, पडले तर? म्हणून सकाळी कोण यायच्या आत शेवटच्या वळणावर घागरभर ताक ओतलं, हळद, लिंबू, वर दोन बाटल्या गोडं तेल, आणि सगळं मळून सारखं केलं. अक्कल बघा बाईची! कुस्तीत गडी आपटायचाच असतोय, गाडी आपटायची नसती, एवढं डोस्क्यात आलं न्हाय.

पहिल्याच फेरीला मालक सगळ्यांच्या पुढं. वळण आलं आणि गाडी साबणावरनं गेल्यागत गेली. गुडघा फुटला. मागचे त्यांना चुकवून बाहेरनं निघून गेले. लोकं म्हणाली, गड्यानं कच खाल्ली. दवाखान्यात हे पण म्हणाले, व्हय गं, खाल्लीच असंल मी. परत गाडीवर बसले न्हाईत. आणि मी, एवढी तोंडाळ, गप. पुढं ट्रॅक पण विकला गेला, मग सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, भाकरी थापता थापता सांगून टाकलं. दमले होते वो मी ते ओझं वागवून. दोन दिस हे माझ्याकडं पाठ करून जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, म्हंजे मी कच खाल्ली न्हवती? न्हाय, म्हटलं. उठले, टोपी घातली, काठी घेतली आणि लंगडत कट्ट्यावर गेले.

तवापासनं गल्लीत माझी शोभा. भाजीवाली इचारती, आज्जी, आज ताक कुठं ओतलासा? पावणं आलं की ह्यांची गोष्ट सुरू, आणि मला गुडघं धरत चुलीपासनं उठून कबूल करावं लागतंय, व्हय बाबा, मीच ती. दर खेपंला हे जरा जास्तच पुढं असत्यात. परवा तर अर्धी फेरी पुढं होते. असू द्यात की. मी न्हाय म्हणत न्हाय.