जुन्या इंजिनाचा अस्सल हिरवा

त्या फोरमवाल्या तज्ज्ञाचं नाव काढू नका यार, डोकं फिरतं माझं! मी जुन्या ऑस्ट्रेलियन रेल्वे इंजिनांची छोटी मॉडेल्स बनवतो. आमच्या रेडमंड गावातल्या लायब्ररीतल्या पुस्तकांत सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट. म्हणून इंजिनाचा अस्सल हिरवा कुठला, हे मी ऑनलाइन फोरमवर विचारलं. हा गडी लिहितो, "हा घ्या दुर्मिळ रंगीत फोटो." उघडतो तर काय, माझंच मॉडेल! गेल्या वर्षी अंदाजानं रंगवून मीच अपलोड केलेलं. मी लिहिलं, "अहो, मागे आमच्या किचनमधला डाळीचा स्टीलचा डबा दिसतोय!" तर म्हणे, "ती स्टेशनची पाण्याची टाकी आहे. जरा अभ्यास वाढवा."

अभ्यास वाढवा? अरे गाढवा, त्या टाकीवर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलंय!